‘मेंदूची रिकव्हरी ७८ टक्के’ म्हणजे काय, आणि रविवारी पोराला खेळवायचं का?

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. खानापूर तालुक्यातल्या तुमच्या कबड्डी संघातला चढाईपटू १७ वर्षांचा, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. नऊ दिवसांपूर्वी सरावात साखळी पकडीतून खाली येताना दुसऱ्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. बेशुद्ध पडला नाही, पण दहा-पंधरा मिनिटं ‘पॉइंट किती झाले’ एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिला. त्याच संध्याकाळी बेळगावात सीटी स्कॅन झाला, तो नॉर्मल निघाला. आता डोकं दुखत नाही असं तो म्हणतो. कुणीतरी सुचवलं म्हणून एका खासगी केंद्रात ‘ब्रेन मॅपिंग’, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, करून घेतलं. रंगीत चित्रांचा अहवाल आला आणि त्यात ‘रिकव्हरी ७८ टक्के’ असं लिहिलंय. येत्या रविवारी यात्रेतली स्पर्धा आहे. ७८ पुरेसे आहेत का, आणि नसतील तर पुन्हा मॅपिंग कधी करायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. रविवारी त्याला उतरवू नका. अहवालात ७८ च्या जागी ९८ असते तरी मी हेच सांगितलं असतं.

सीटी स्कॅन हा रक्तस्राव आणि कवटीचं हाड बघण्यासाठी असतो. तो नॉर्मल आला म्हणजे जिवावरचं संकट नव्हतं, आणि तुम्ही त्याच दिवशी तो करून घेतलात हे फार चांगलं केलंत. पण तोच तोच प्रश्न दहा मिनिटं विचारत राहणं म्हणजे कन्कशन, मेंदूला बसलेला हादरा. हा बिघाड मेंदूच्या कामकाजातला असतो, त्यामुळे स्कॅनच्या फिल्मवर तो उमटत नाही. हादऱ्याच्या क्षणी चेतापेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि हा सगळा पसारा आवरायला पेशींना एरवीपेक्षा जास्त ऊर्जा लागते. नेमका त्याच दिवसांत मेंदूकडचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. खर्च वाढलेला आणि आवक घटलेली, अशा स्थितीत दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा हलका असूनही जास्त नुकसान करतो. कोवळ्या वयात तर क्वचित, पण खरोखर, मेंदूला भयंकर सूज येऊन जीव जातो.

‘डोकं दुखायचं थांबलं’ आणि ‘मेंदू सावरला’ यांत अंतर असतं, हे मोजून दाखवलेलं आहे. इटलीत वाग्नोत्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआयच्या स्पेक्ट्रोस्कोपी तंत्राने खेळाडूंच्या मेंदूतलं एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट हे रसायन मोजलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ४० खेळाडूंच्या अभ्यासात लक्षणं ३ ते १५ दिवसांत गेली, पण ते रसायन मूळ पातळीवर यायला सुमारे ३० दिवस लागले. त्याआधीच्या, २००८ च्या लहान अभ्यासात तीन खेळाडूंना १० ते १३ व्या दिवसांदरम्यान पुन्हा मार बसला होता. त्यांना ४५ दिवस लागले. तीन खेळाडूंवरून नियम बांधता येत नाही हे मान्य, पण तुमचा रविवार पंधरावा दिवस आहे. हे आकडे माहीत असताना मी तरी त्या मुलाला पकडीत जाऊ देणार नाही.

आता त्या ७८ कडे येते. कुठल्याही टक्केवारीला पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कशाच्या ७८ टक्के?’ या मुलाचं मॅपिंग मार लागण्याआधी कधी झालेलं नाही. म्हणजे तुलना त्याच्या स्वतःच्या मेंदूशी झालेली नाही, मशीनमध्ये साठवलेल्या इतर लोकांच्या सरासरीशी झालेली आहे. मार लागण्याआधी त्याचा आकडा ७५ असता, तर आजचे ७८ उत्तमच. आधी ९५ असता, तर आजचे ७८ काळजीचे. यातलं कुठलं खरं ते सांगायला आपल्या हातात काही नाही.

याचा अर्थ मेंदूच्या लहरी मोजणं थोतांड आहे, असा नाही. त्यातली सगळ्यात अभ्यासलेली चाचणी पी-३०० ची. खेळाडूला एकसारखे आवाज ऐकवतात, साधारण १००० हर्ट्झचे. दर पाचांत एखादा वेगळा, २००० हर्ट्झचा, आणि तोही कधी येईल ते कळू न देता. वेगळे आवाज त्याने मनात मोजायचे. असा आवाज ओळखल्यावर तरुण माणसात सुमारे ३०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मधल्या-मागच्या भागात एक लाट उमटते. कन्कशननंतर ती उशिरा येते किंवा तिची उंची कमी होते. कॅनडातल्या ज्युनिअर आइस हॉकी खेळाडूंवरचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात खेळायची परवानगी मिळालेल्यांमध्येही अशा लहरींतला फरक पूर्ण भरून आलेला नव्हता. मात्र तो फरक दिसला, कारण हंगाम सुरू होण्याआधी त्याच खेळाडूंची त्याच यंत्रावर मोजणी करून ठेवलेली होती.

ही लाट मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. इतक्या बारीक गोष्टीत बिघाड कुठून शिरतो ते सांगते, म्हणजे अहवाल हातात आल्यावर काय विचारायचं ते कळेल. पहिला शत्रू खोबरेल तेल. आपल्याकडची पोरं डोक्याला तेल चोपडून येतात, मग इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यामध्ये तेलाचा थर राहतो आणि विजेला होणारा अडथळा वाढतो. तो ५ किलोओहमच्या खाली यायला हवा. त्यासाठी आदल्या रात्री शाम्पूने दोनदा डोकं धुऊन, तेल न लावता यायचं. दुसरा शत्रू जबडा. पोरगं घाबरून दात आवळून बसलं की कानशिलाच्या स्नायूंची वीज मेंदूच्या लहरींत मिसळते. रंगीत चित्रात दोन्ही कानशिलांवर लाल डाग उठतात आणि अहवालात ‘अतिसक्रियता’ म्हणून नोंद होते. तोंड किंचित उघडं ठेवायला सांगितलं तर तेच डाग नाहीसे होतात. तिसरी गोष्ट झोप. रात्री थ्री-फेज लाईट आली म्हणून उसाला पाणी पाजायला गेलेला मुलगा सकाळी खुर्चीत पेंगतो, आणि पेंग आली की संथ लहरी वाढतात. कन्कशनमध्येही संथ लहरी वाढतात. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. पैलवानांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. कान फुटून सुजलेला असला तर कानात घालायची नळी नीट बसत नाही, एका बाजूने आवाज हळू पोचतो आणि लाट खुजी दिसते. म्हणून चाचणीआधी दोन्ही कानांना आवाज सारखा येतोय का ते विचारायलाच हवं. पापण्यांची उघडझाप झालेले नोंदीचे तुकडे काढून टाकल्यावर वेगळ्या आवाजाचे निदान ३०-४० स्वच्छ तुकडे उरले पाहिजेत. तेवढे उरले नसतील तर त्या सरासरीवर मी विश्वास ठेवत नाही.

त्या केंद्राला फोन करून एवढंच विचारा: अडथळा किती होता, किती तुकडे वापरले, तुलना कोणत्या वयोगटाशी केली, आणि मुलगा आदल्या रात्री किती झोपला होता हे कुणी विचारलं का. उत्तरं मिळाली नाहीत तर ७८ हा आकडा बाजूला ठेवा. पुन्हा मॅपिंग करायला पैसे घालू नका.

माझा स्वतःचा नियम असा आहे: मशीन ‘थांबा’ म्हणालं तर ऐकते, ‘जा’ म्हणालं तर ऐकत नाही. लहरी बिघडलेल्या दिसल्या आणि बाकीच्या तपासणीतही काही खटकलं, तर मी वेळापत्रक लांबवते. लहरी चांगल्या आल्या म्हणून एकही दिवस कमी करत नाही. ‘थांबा’ सुद्धा डोळे झाकून ऐकायचं नसतं. बाकी सगळं व्यवस्थित असताना फक्त एका आधाराविना आकड्यासाठी पोराला तीन-तीन महिने घरी बसवणं हेही नुकसानच आहे. खेळ सुटतो, मित्र सुटतात, मन खचतं, आणि खचलेल्या मनाची लक्षणं कन्कशनसारखीच असतात. २०२२ च्या ऑक्टोबरात ॲमस्टरडॅमला क्रीडा-कन्कशनवरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिचं निवेदनही प्रगत एमआरआय, रक्तातल्या चाचण्या आणि नवी यंत्रं यांना संशोधनाची साधनं मानतं. रोजच्या निर्णयाचा भार त्यांच्यावर टाकायला अजून पुरेसा पुरावा नाही.

रक्तचाचणीबद्दल कुणी सांगेलच, म्हणून तेही लिहिते. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही दोन प्रथिनं मोजणारी चाचणी अमेरिकेत मंजूर आहे, पण मार लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ‘सीटी करावा का’ एवढंच ठरवायला. नवव्या दिवशी तिचा तुम्हाला काही उपयोग नाही. साध्या एमआरआयचंही तेच. लक्षणं वाढत असतील तर तो हवा, ‘खेळवू का’ या प्रश्नाला तो उत्तर देत नाही.

मग मोजायचं काय? माझ्या मते उपयोगी मोजमाप तुमच्या मैदानावरच होतं: एक घड्याळ, एक चिकटपट्टी, एक काठी, कागद आणि नाडीचे ठोके. डॉक्टर ज्याला स्कॅट-६ म्हणतात, त्या कन्कशन तपासण्याच्या नमुन्यातही यातल्या काही मोजण्या आहेत. स्कॅट-६ मार लागल्यापासून पहिल्या ७२ तासांसाठी उत्तम, फार तर आठवडाभर. त्यानंतर स्कोट-६ हा विस्तारित नमुना वापरतात. दोन्ही प्रशिक्षित माणसानेच करायचे असतात. पण त्यातली मोजणी समजून घेतलीत तर डॉक्टरकडे जाताना तुमच्या वहीत रोजचे आकडे असतील, आणि ते आकडे सोन्यासारखे असतात.

लक्षणांच्या तक्त्यात २२ लक्षणं असतात. प्रत्येकाला ० ते ६ गुण, सगळे मिळून १३२. डोकेदुखी, चक्कर, उजेड सहन न होणं, डोकं जड वाटणं, चिडचिड, झोप न लागणं वगैरे. तक्ता मुलाने स्वतः भरायचा, रोज एकाच वेळी. इथे एक अडचण हमखास येते: खेळायची ओढ असलेला मुलगा सगळीकडे शून्य लिहितो. म्हणून घरी त्याच्या आईला वेगळं विचारा. रात्री किती वाजता झोपतो, धाकट्या भावंडावर खेकसतो का, मोबाइलचा उजेड कमी करून बघतो का, जेवताना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगतो का. आईची उत्तरं आणि तक्ता जुळले नाहीत तर आईवर विश्वास ठेवा.

तोलाची चाचणी लाल मातीवर किंवा मॅटवर घेऊ नका, फरशीवर अनवाणी घ्या. हात कमरेवर, डोळे मिटलेले, तीन पवित्रे, प्रत्येकी २० सेकंद: दोन्ही पाय जोडून, मग ज्या पायाने चेंडू मारत नाही त्या एका पायावर, मग तोच पाय मागे ठेवून एकापुढे एक टाच-चवडा जोडून. हात कमरेवरून सुटला, डोळे उघडले, पाय टेकला, टाच किंवा चवडा उचलला गेला की प्रत्येकी एक चूक. मग ३ मीटर लांब चिकटपट्टीवर टाचेला चवडा लावत जायचं, वळायचं, परत यायचं. घड्याळ लावून तीनदा करा आणि सगळ्यात कमी वेळ लिहा. हेच चालणं १०० मधून ७-७ वजा करत करायला लावलं की खरी गोष्ट कळते. नुसतं चालताना ठीक असलेला मुलगा दोन कामं एकत्र आली की अडखळतो. कबड्डीत तर सतत दोनच नव्हे, चार कामं एकत्र असतात: बोनस रेषा, समोरचे सात जण, दम आणि मागची कोपऱ्यातली हालचाल.

प्रतिक्रियेचा वेळ मोजायला ८० सेंटिमीटरची हलकी सरळ काठी घ्या, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि खालच्या टोकाला थोडं वजन लावा. मुलाचा हात टेबलावर, पंजा वजनाभोवती उघडा, तुम्ही काठी वरून धरलेली. २ ते ५ सेकंदांत कधीही सोडा, त्याने पकडायची. दोन वेळा सराव, मग आठ वेळा मोजून सरासरी. २० सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे २०२ मिलिसेकंद, २५ वर २२६, ३० वर २४७. हे पडणाऱ्या वस्तूचं साधं गणित आहे, यंत्राची गरज नाही.

डोळ्यांसाठी पेनचं टोक हळूहळू नाकाकडे आणा आणि दोन टोकं दिसायला लागली की नाकापासूनचं अंतर मोजा. असं तीनदा करा. तिन्ही वेळा ते ६ सेंटिमीटरच्या आत आलं नाही, तर डोळे एकत्र वळण्यात अडचण आहे असं धरून तपासून घ्या. मग नजर अंगठ्यावर रोखून मान डावी-उजवी दहा वेळा हलवायची, मोबाइलवरच्या तालयंत्रावर मिनिटाला १८० ठोके लावून. दहा सेकंद थांबून विचारा: डोकेदुखी, चक्कर, मळमळ, डोकं बधिर वाटणं, प्रत्येकाला १० पैकी किती? कुठलंही २ किंवा जास्त गुणांनी वाढलं तर वेस्टिब्युलर, म्हणजे आतल्या कानाशी जोडलेल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतला, बिघाड शोधायला हवा. चढाईपटूसाठी ही चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण त्याचं सगळं कामच नजर रोखून मान फिरवण्याचं आहे.

पुढची गोष्ट नाडीची, आणि कन्कशनच्या उपचारात गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा बदल इथेच झालाय. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगायचे. आता फक्त पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, मोबाइल कमी, मग हलका व्यायाम. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात लेडी आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन खेळाडूंवर केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोजून-मापून एरोबिक व्यायाम केलेली मुलं मध्यमानाने १३ दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग केलेली १७ दिवसांत.

व्यायाम किती, ते ट्रेडमिलवर ठरतं. वेग साधारण ताशी ५.२ किलोमीटर, चढ शून्य, दर मिनिटाला चढ १ टक्क्याने वाढवायचा. प्रत्येक मिनिटाला लक्षणांचे १० पैकी गुण आणि ठोके लिहायचे. लक्षणं सुरुवातीपेक्षा ३ गुणांनी वाढली की थांबायचं. तो ठोक्यांचा आकडा म्हणजे त्याची आजची मर्यादा. समजा १५० वर थांबला, तर त्याच्या ८० ते ९० टक्के, म्हणजे १२० ते १३५ ठोक्यांवर रोज २० मिनिटं. आठवड्याने पुन्हा चाचणी. दमून थांबला पण लक्षणं वाढली नाहीत, तर मेंदूचा रक्तपुरवठा व्यायामाला साथ देतोय असं समजायचं. माझ्यासाठी कुठल्याही रंगीत नकाशापेक्षा हा निकाल मोलाचा आहे, कारण यात मेंदूवर भार टाकून बघितलेलं असतं. बसल्या जागी सगळेच बरे दिसतात. ही चाचणी मात्र डॉक्टर किंवा प्रशिक्षित फिजिओसमोरच करायची. बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापूर, जिथे सोयीचं पडेल तिथे.

स्टीव्ह स्मिथचं उदाहरण अनेकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर आर्चरचा चेंडू मानेवर लागला. तपासणीत तो पास झाला आणि त्याच दिवशी पुन्हा फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणं उमटली आणि त्याच्या जागी लाबुशेन उतरला. कसोटीतला तो पहिला कन्कशन बदली खेळाडू. जगातली उत्तम वैद्यकीय टीम बाजूला असताना हे घडलं. आपल्या यात्रेतल्या मैदानावर तोंडावर पाणी मारून, कांदा हुंगवून, दोन बोटं दाखवून ‘किती?’ विचारतात आणि पोराला परत आत पाठवतात. त्यात काय निसटत असेल याचा विचार करा.

आता तुमच्या मुलाचं वेळापत्रक. गावपातळीवर, जिथे रोज डॉक्टर नसतो, तिथे मी ब्रिटनचे हौशी खेळांसाठीचे एप्रिल २०२३ चे नियम धरते, कारण ते साधे आणि सावध आहेत. डोक्याला धक्का बसू शकेल असा सराव १४ दिवस लक्षणमुक्त राहिल्यावरच. सामना २१ व्या दिवसाआधी नाहीच. तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही: डोकेदुखी नक्की कोणत्या दिवशी थांबली, आणि तेव्हा तो पॅरासिटामॉल घेत होता का. गोळी चालू असतानाचे दिवस लक्षणमुक्त धरायचे नाहीत. पाचव्या दिवशी गोळीशिवाय थांबली असेल तर पकडीचा सराव एकोणिसाव्या दिवसापासून आणि सामना एकविसाव्यानंतर. कालच थांबली असेल तर पकडीचा सरावच बाविसाव्या दिवशी सुरू होईल.

तोपर्यंत तो रिकामा बसणार नाही. १७ वर्षांच्या मुलाचे कमाल ठोके ढोबळपणे २२० वजा १७, म्हणजे २०३. पहिल्यांदा त्याच्या निम्म्याच्या थोडं वर, ११० च्या आसपास, भरभर चालणं किंवा सायकल. मग १४० पर्यंत, संथ धावणं. मग एकट्याने चढाईची पावलं, बोनस, वळणं, समोर कुणी नसताना. मग संघासोबत, पण फक्त स्पर्शाची चढाई, पकड बंद. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. लक्षणं १० पैकी २ गुणांपर्यंत वाढून तासाभरात उतरली तर चालतं. त्याहून जास्त वाढली तर त्या दिवशी थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पायरी. मात्र संघासोबतच्या सरावाच्या पायरीपासून पुढे एकही लक्षण नको, सरावानंतरही नको. आणि पकडीच्या सरावाआधी डॉक्टरची लेखी परवानगी हवी. तालमीतल्या वस्तादांनी हे वाचलं तर एक सांगायचंय: बैठका आधी सुरू करा, जोर नंतर. डोकं खाली गेलं की लक्षणं उसळतात. मानेचा पूल आणि धोबीपछाडीसारखे डाव अगदी शेवटी.

दोन गोष्टी मेंदूच्या नावावर खपतात आणि वेगळ्याच निघतात. मानेचे सांधे आणि स्नायू दुखावले असतील तर डोक्याच्या मागून कपाळापर्यंत कळ येते, मान वळवली की वाढते. अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद खोली गरगरत असेल, तर आतल्या कानातले कण जागचे हललेले असतात. त्यावर डोकं ठरावीक दिशांनी फिरवण्याचा उपचार आहे आणि तो बहुतेकदा एक-दोन बैठकांत काम करतो. दहा दिवसांनंतरही चक्कर किंवा मानदुखी उरली असेल तर या दोन्हींची तपासणी करून घ्याच.

अभ्यास खेळाच्या आधी. दोन तास वाचून डोकं जड होत असेल तर तो मैदानाला तयार नाही. पीयूसीची परीक्षा तोंडावर असेल तर कॉलेजला सांगून थोडे दिवस सलग तास कमी करून घ्या. वीस मिनिटं वाचन, पाच मिनिटं विश्रांती, असं वाढवत न्या.

आणि हे कधीही दिसलं तर वेळापत्रक वगैरे सोडून थेट १०८ ला फोन करून मोठं हॉस्पिटल गाठा: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झटका, उठवलं तरी न उठणारी गुंगी, एक बाहुली मोठी, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, दुहेरी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव. पहिला सीटी नॉर्मल असला तरी.

पुढच्या हंगामाआधी तुमच्या सगळ्या मुलांची मोजणी करून ठेवा, माणशी वीस मिनिटं पुरतात. इथे आपल्या सीमाभागातली एक खास अडचण सांगते. स्मरणाच्या चाचणीत दहा शब्द, सेकंदाला एक असे, तीनदा ऐकवतात आणि निदान पाच मिनिटांनी पुन्हा विचारतात. मग आकडे उलटे म्हणायचे आणि महिने डिसेंबरपासून उलटे. घरी मराठी आणि शाळेत कन्नड असलेला मुलगा आकडे कन्नडमध्ये मोजतो, महिने इंग्रजी नावांनी म्हणतो आणि शब्द मराठीत आठवतो. हंगामाआधी चाचणी मराठीत घेतली आणि मार लागल्यावर दवाखान्यात ती कन्नडमध्ये झाली, तर गुण पडतात आणि दोष मेंदूवर जातो. म्हणून कोणता भाग कोणत्या भाषेत घेतला हे कागदावर लिहा. ‘विहीर, कुदळ, पोळी, चांदणं’ अशा रोजच्या शब्दांच्या तीन-चार वेगळ्या याद्या करून ठेवा, नाहीतर मुलं पाठ करतात. या याद्या प्रमाणित नसतील. त्यांचे गुण फक्त त्याच मुलाच्या आधीच्या गुणांशी ताडायचे, दुसऱ्याशी नाही. काही हुशार पोरं हंगामाआधी मुद्दाम कमी गुण पाडतात, म्हणजे मार लागल्यावरही पास होता येईल. एखाद्याचा निकाल वर्गातल्या त्याच्या चुणचुणीतपणाशी अजिबात जुळत नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.

सध्या मला तीन गोष्टी कळवा: गोळीशिवाय डोकेदुखी थांबल्याचा दिवस, मान हलवण्याच्या चाचणीतले गुण, आणि चिकटपट्टीवर नुसतं चालण्याचा व वजाबाकी करत चालण्याचा वेळ. संघातला त्याच वयाचा, कधी मार न लागलेला दुसरा चढाईपटूही त्याच दिवशी, त्याच फरशीवर मोजा आणि त्याचेही आकडे पाठवा. या मुलाची आधीची नोंद नाही. नुसत्या त्याच्या आकड्यांपेक्षा शेजारी कुणाचे तरी असलेले बरे.